बाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण काय द्यायचं?

(अंतरवाली सराटी येथे ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बैठकीला न आलेल्या ताईंनी मागितलं, म्हणून जवळपास बोलले तसंच लिहून दिलं आहे. – क्षेत्र समन्वयक)

 

आज बैठकीचे विषय नेहमीचेच आहेत. बचत, कर्जफेड, हिशोब. पण त्याच्या आधी एक विषय आपण सगळ्यांनी मिळून घातला आहे. आपल्या बाईंच्या लग्नाला या महिन्यात पंचवीस वर्षं झाली. बाईंनी वर्गातली लेकरं तर शिकवलीच. पण शाळा सुटल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणींना ओट्यावर बसवून सही शिकवली. बँकेत गेल्यावर अंगठ्याची शाई बाजूला सारून "पेन द्या साहेब" म्हणणाऱ्या आज्ज्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्यात. म्हणून आजचा सत्कार.

मागच्या बैठकीत ठरलं की शाल, नारळ, साडी आणि एक शुभेच्छापत्र द्यायचं. पत्राचं काम माझ्याकडे आलं. "तू शिकलेली आहेस, चार चांगल्या ओळी लिहून आण," असं अध्यक्ष ताई म्हणाल्या. आता माझं वय पंचविशीचं, लग्न झालेलं नाही. तुम्ही म्हणाल, हिला लग्नातलं काय कळतं? खरंय. पण काम दिलं म्हणून रात्री वही घेऊन बसले. फोनवर येतात ते तयार मेसेज बघितले. शंकर-पार्वतीचा जोडा, सात जन्मांची साथ, फुलं, दिवे. नाव बदललं की कुणालाही चालतील. बाईंना हे आवडणार नाही असं नाही. पण ज्या बाई वहीत बघून उतरवलेलं उत्तर लगेच ओळखतात, त्यांना उतरवलेल्या शुभेच्छा कशा द्यायच्या?

मग मी दुसऱ्या दिवसापासून गटागटात एक प्रश्न विचारत फिरले. "मावशी, तुमच्या लग्नाची तारीख काय?"

काय उत्तरं आली माहिती आहे का? एक म्हणाली, "हरभरा सोंगायला आला होता बघ." दुसरी म्हणाली, "थोरल्या जावेच्या अन् माझ्या लग्नाचा एकच मांडव होता, तिलाच विचार." जावेला विचारलं तर ती म्हणाली, "हिलाच ठाव असंल." तिसरी म्हणाली, "आमचं कारखान्यावर जायच्या आधी घाईघाईत उरकलं." तारीख, महिना, साल असं तिन्ही सांगणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या. आणि बऱ्याच जणींनी तारखेच्या ऐवजी इयत्ता सांगितली. "सातवीत होते." "नववीला बसले अन् झालं."

मग विचारलं, वाढदिवस कधी? तेव्हा मात्र पटकन उत्तर. १ जून! याच सतरंजीवर १ जूनच्या किती जणी आहेत, जरा हात वर करा. बघा. बाई, तुम्ही हसताय, कारण तुम्हाला याचं कारण माहिती आहे. पूर्वी शाळेत नाव घालायला कुणीतरी लेकराला बोटाला धरून आणायचं. जन्मतारीख विचारली की "लिहा तुम्हीच" म्हणायचं. शाळा जूनला सुरू, वय पुरं व्हायला हवं, म्हणून गुरुजी १ जून टाकायचे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या हजारो माणसांना आपली पहिली तारीख अशी शिक्षकाने दिली.

म्हणजे बाईच्या आयुष्यात दोन मोठ्या तारखा. एक जन्माची, ती शिक्षकाच्या हातून दाखल्यावर चढते. दुसरी लग्नाची, ती आपल्या हातात असते. या दोन तारखांमध्ये किती अंतर आहे, यावर त्या बाईचं पुढचं सगळं ठरतं. तिची शाळा, तिचं बाळंतपण, तिचं शरीर, तिची सही. आज मला एवढ्याच विषयावर बोलायचं आहे. बाईंच्या लग्नाच्या वाढदिवसाला खरी शुभेच्छा द्यायची असेल, तर ती या दोन तारखांमधूनच द्यावी लागेल, असं मला वाटतं.

शिक्षक असलेल्या जोडप्याचा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं सावित्रीबाई आणि जोतीरावांचं. त्यांचं लग्न १८४० साली झालं. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. म्हणजे लग्नात त्या नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे. हे मी एका गटात सांगितलं, तर एक काकू लगेच म्हणाल्या, "मंग? सावित्रीमायचं नवव्या वर्षी झालं, तरी ती शिकलीच की. आमच्या पोरीचं सोळाव्याला केलं तर काय बिघडलं?"

प्रश्न बरोबर आहे. उत्तर द्यायला पाहिजे. त्या काळात सगळ्यांचीच लग्नं तशी व्हायची, त्या दोघांना कुणी विचारलं नव्हतं. पण कळायला लागल्यावर त्यांनी काय केलं ते बघा. नवऱ्याने बायकोला पाटी दिली. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या आणि शिक्षिका म्हणून उभ्या राहिल्या. लोकांनी त्रास दिला, सासऱ्यांवर दबाव आणला, १८४९ मध्ये दोघांना घर सोडावं लागलं. तरी शाळा सोडली नाही.

आणि अजून एक. तेव्हा लहान मुलींची लग्नं मोठ्या माणसांशी व्हायची. नवरा मेला की दहा-बारा वर्षांची पोर विधवा. तिला पुन्हा लग्न नाही, घरात मान नाही, आणि कुणी फसवलं तर जीव द्यायची पाळी. अशा बायकांची बाळंतपणं सुखरूप व्हावीत म्हणून या दोघांनी १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथेच जन्मलेला एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. काकू, लवकर लग्नाचे परिणाम त्या दोघांनी आपल्या घरात रोज बघितले. त्यामुळे त्यांचं नाव घेऊन सोळाव्या वर्षीच्या लग्नाला टेकू देता येत नाही.

मला त्या जोडप्याची सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आपल्याकडे आहेत. १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. नवऱ्याला लिहिलेली पत्रं म्हटल्यावर आपल्याला काय वाटतं? "तुमची आठवण येते, जेवणाची काळजी घ्या." काळजी आहेच त्यात. पण पत्रं भरलीत कामाने.

पहिल्या पत्राच्या वेळी त्या आजारी होत्या, माहेरी नायगावला. तिथे भावाने बोल लावला की तुम्ही नवरा-बायको नको त्या लोकांसाठी नको ती कामं करता. त्यांनी भावाला समजावलं, आपल्या कामाची बाजू घेतली आणि हे सगळं नवऱ्याला कळवलं. आपण नसताना फातिमाला कामाचा ताण पडत असेल, ही काळजीही त्या पत्रात आहे. फातिमा म्हणजे फातिमा शेख, त्यांच्यासोबत शिकवणारी. दुसऱ्या पत्रात गावातल्या एका मुलगा-मुलीचा प्रसंग आहे. जात वेगळी, प्रेम जमलं, लोक त्यांना मारायला निघाले. सावित्रीबाई मध्ये पडल्या, कायद्याची भीती घातली, दोघांचा जीव वाचवला. तिसरं पत्र जुन्नरजवळच्या ओतूरचं, दुष्काळातलं. जनावरं मरतायत, माणसं गाव सोडून चाललीत, सावकार लुबाडतोय, आणि त्या तिथे मदतीचं काम करतायत. दुष्काळ म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या बाईला वेगळं सांगायला नको. २०१२-१३ ला टँकरच्या मागे हंडे घेऊन पळालेल्या इथे बसल्यात.

शेवटचं पत्र लिहिलं तेव्हा त्यांच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. सदतीस वर्षांनंतर बायको नवऱ्याला गावातली खबर कळवते, कामाचा हिशोब देते, आणि तिला खात्री आहे की पलीकडचा माणूस ते नीट वाचणार. बाई, सर, मला हे पंचवीस वर्षांच्या कुठल्याही मेसेजपेक्षा मोठं वाटतं. तुमच्या घरी संध्याकाळी वर्गातल्या लेकरांची बोलणी होतात, कोण आलं नाही, का आलं नाही. सर पोळ्या लाटतात आणि बाई पेपर तपासतात, हे आम्ही बघितलंय. सर, लाजू नका, गावात हे सगळ्यांना माहिती आहे.

आता जरा अवघड बोलते.

बाईंना मी विचारलं होतं, "बाई, तुम्हाला काय पाहिजे?" बाई म्हणाल्या, "काही नको गं. जूनमध्ये पोरी परत यायला पाहिजेत."

मला लगेच कळलं, कारण माझ्या बाकावरची मैत्रीण दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नव्हती. नववीत होतो आम्ही. आमच्या वर्गशिक्षिका हजेरी घेताना तिचा नंबर आला की थांबायच्या, मग पुढचा नंबर घ्यायच्या. कितीतरी दिवस असं चाललं. मला गणित जमायचं नाही, तिला जमायचं. तीच मला शिकवायची. आज मी तुमच्यासमोर माईक धरून उभी आहे आणि ती कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असेल. हुशार कोण होती, ते मला माहिती आहे.

महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायकांमागे जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा हा आकडा आहे, आणि मराठवाड्यात प्रमाण याहून जास्त आहे. आई-बाप दुष्ट असतात म्हणून हे होतं का? नाही. मला तुमच्या घरातली कारणं माहिती आहेत. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा गेला तर अर्धा कोयता. म्हणून दसऱ्याच्या आधी घाई होते, पोराला जोडी बघून द्यायची. दुसरीकडे पोरीच्या आईला प्रश्न पडतो की आम्ही सहा महिने फडावर, वयात आलेली पोर ठेवायची कुणाजवळ? तिसरं कारण खर्च. थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकलं की एक जेवणावळ वाचते.

ही कारणं खोटी नाहीत. पण त्यातल्या प्रत्येकाला थोडीथोडी वाट आहे. आई-बाप तोडणीला गेल्यावर मागे राहणाऱ्या लेकरांसाठी शाळांमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय असते. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. आपल्या भागात जागा कुठे आहे, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात दिवाळीच्या नंतर नाही, पोळ्याच्या आधी करायची. ती चौकशी मी करीन, हा माझा शब्द. गावात शाळा संपली म्हणून शिक्षण थांबवायचं कारण नाही, बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे.

कायदाही लक्षात ठेवा. मुलगी अठरा पूर्ण, मुलगा एकवीस पूर्ण. त्याआधी लग्न लावलं तर बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला मदत करणारा, सगळे त्यात येतात. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, दिवसरात्र चालतो. पण मला पोलिसांपर्यंत जायच्या आधीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

लग्नाचा पैसा कुठून येतो? बऱ्याच वेळा आपल्या गटातून येतो. अंतर्गत कर्जाच्या वहीत "कारण" या रकान्यात बघा. बियाणं, दवाखाना, शेळी, आणि मग "मुलीचे लग्न". आपण रक्कम विचारतो, हप्ता विचारतो, जामीन विचारतो. मुलीची जन्मतारीख विचारत नाही. म्हणजे नकळत आपल्याच बचतीतून नववीतल्या पोरीच्या लग्नाचा मांडव उभा राहू शकतो.

म्हणून आज मी ग्रामसंघापुढे एक ठराव मांडते. लग्नासाठी कर्ज मागणाऱ्या ताईने अर्जाला नवरीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला जोडायचा. मुलाच्या लग्नासाठी कर्ज असेल तर मुलाचा आणि होणाऱ्या सुनेचा, दोघांचा. अठरा आणि एकवीस पूर्ण असतील तर कर्ज आनंदाने द्यायचं. नसतील तर नाही म्हणून हात झटकायचा नाही. त्या ताईची अडचण काय आहे, वसतिगृह पाहिजे का, पोरीला दोन महिने कुणाच्या घरी ठेवता येईल, हे त्याच बैठकीत बोलायचं. आणि लग्न झालं की ग्रामपंचायतीत नोंदणी करून घ्यायची. तिथे दोघांच्या वयाचा पुरावा लागतो, तारीख कागदावर येते. पुढे नाव लावायला, हक्क सांगायला तो कागद उपयोगी पडतो. आपल्या सुनांना तरी कुणी लग्नाची तारीख विचारली तर "हरभऱ्याच्या दिवसांत" असं सांगायची वेळ येऊ नये.

हे एकदम सोपं नाही, मला माहिती आहे. पहिला अर्ज आपल्याच जवळच्या बाईचा येईल. कदाचित पदाधिकाऱ्याच्या घरातलाच येईल. तेव्हा वाईटपणा येईल. पण २०२३ पासून आपल्या गावाचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहिती झालंय. उपोषणाच्या निमित्ताने लोक कुठून कुठून इथे आले. मागणीसाठी ठाम बसायचं कसं, हे या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. तेवढाच ठामपणा एका पोरीच्या दोन वर्षांसाठी दाखवायचा आहे.

शेवटची एक गोष्ट. मघाशी ओटीचं ताट आलं तेव्हा कुणीतरी सवयीने म्हणालं, "सवाष्णींनी पुढे या." आणि मागे बसलेल्या दोन आज्ज्या अजून थोड्या मागे सरकल्या. बाईंनी ते बघितलं आणि माझ्या कानात सांगितलं. १८९० साली जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं धरण्यावरून वाद झाला, तर सावित्रीबाई स्वतः टिटवं धरून पुढे चालल्या. त्यानंतर सात वर्षं काम करत राहिल्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव ग्रामसभेत केला, आणि सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. आपण ठरावाची वाट कशाला बघायची? बाईंची इच्छा आहे की त्यांची पहिली ओटी आपल्या सगळ्यात मोठ्या आज्जीने भरावी, जिने पासष्टीत त्यांच्याकडून सही शिकली. आज्जी, उठा. ताट तुमच्याकडे द्यायचंय.

बाई, सर, शुभेच्छापत्र मी लिहून आणलेलं नाही. त्याच्या जागी ठरावाचा कागद आहे. वाचून दाखवल्यावर ज्यांना पटेल त्यांनी सही करायची, पटत नसेल त्यांनी उभं राहून का ते सांगायचं, आपण ऐकू. अंगठा चालणार नाही, बाई समोर बसल्यात! खाली आजची तारीख घालायची, म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण कर्जाची वही आणि शाळेचं हजेरीपुस्तक शेजारी ठेवून बघू, शब्द पाळला की नाही.

बाई आणि सर, तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. तुमच्या घरातली ती संध्याकाळची बोलणी अशीच चालू राहोत. दोघांची तब्येत चांगली राहो. आणि जूनमध्ये शाळेची घंटा वाजेल तेव्हा हजेरीपुस्तकातला एकही नंबर तुम्हाला थांबून घ्यावा लागू नये, हीच तुम्हाला आमच्या सगळ्यांची शुभेच्छा.

जय जिजाऊ, जय सावित्री.